वाचकांचे प्रश्न : वाईट बातमी आधी घरी यावी

इंग्लंडमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मी ट्यूटर आहे. सोळा ते अठरा वर्षांची मुलं दिवसभर समोर असतात. जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, देऊन ती येतात (तिथे ९ हा सर्वांत वरचा ग्रेड), आणि बहुतेक जण दोन वर्षं ए-लेव्हल करतात, म्हणजे आपली अकरावी-बारावी. नोव्हेंबर उजाडला, पहिल्या टेस्टचे ग्रेड लागले, की इथल्या मराठी पालकांची पत्रं वाढतात. त्यातली तीन या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मुलाला जीसीएसईला बहुतेक ८ आणि ९ मिळाले. मॅथ्स, फर्दर मॅथ्स, फिजिक्स आणि केमिस्ट्री असे चार ए-लेव्हल घेतलेत. त्याला इंजिनिअर व्हायचंय, पण मेडिकलचा रस्ताही मोकळा राहावा म्हणून केमिस्ट्री आम्ही घ्यायला लावली. परवाच्या टेस्टमध्ये केमिस्ट्रीत डी आला. त्याने सांगितलं नाही, मला कॉलेजच्या पोर्टलवर दिसलं. आठवड्यातून दोनदा दुपारी एकलाच घरी येतो, विचारलं तर ‘फ्री आहे’ म्हणतो आणि दार लावून घेतो. हे म्हणतात, आम्ही बारावीला पहाटे चारला उठायचो, याला क्लास लावू आणि फोन काढून घेऊ. मी कॉलेजात जाऊन भेटू का? – एक आई, रेडिंग

उत्तर : आधी डीबद्दल. जीसीएसईला ९ मिळवणाऱ्या मुलाला पहिल्या सत्रात डी येणं आमच्याकडे दरवर्षी दिसतं. तो अचानक आळशी झाला असं त्यावरून ठरवू नका. उत्तर लिहिण्याची रीतच बदललेली असते. एक नेहमीचा प्रश्न सांगते : मॅग्नेशियमपेक्षा अल्युमिनियमची पहिली आयनीकरण ऊर्जा कमी का? मुलगा लिहितो, ‘कारण अल्युमिनियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ३पी मध्ये आहे.’ बरोबर आहे, पण दोनपैकी एकच मार्क मिळतो. ३पी या कक्षिकेची ऊर्जा मॅग्नेशियमच्या ३एसपेक्षा जास्त असते, म्हणून तो इलेक्ट्रॉन काढायला कमी ऊर्जा लागते, हे वाक्य कागदावर उतरलं तरच दुसरा. त्याला सगळं येत असतं, पण तो मधली पायरी लिहीत नाही. अशा प्रत्येक प्रश्नात एकेक मार्क गेला की डी येतो. पास्ट पेपर आणि मार्क स्कीम, म्हणजे मार्क कशाला द्यायचे याची यादी, परीक्षा मंडळांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. क्लास लावायच्या आधी एक पेपर त्याला स्वतः तपासू द्या. तुम्ही पोळ्या लाटत असताना एक चुकलेला प्रश्न त्याने तुम्हाला समजावून सांगावा. तुम्हाला केमिस्ट्री येत नसली तरी चालेल. जिथे तो अडखळेल ती पायरी सुटलेली आहे, हे त्याचं त्यालाच कळेल.

आता चार विषयांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. इथली विद्यापीठं प्रवेशाची ऑफर साधारणपणे तीन ए-लेव्हलवर देतात. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला मॅथ्स आणि फिजिक्स लागतं, आणि नावाजलेल्या ठिकाणी फर्दर मॅथ्सचा चांगला उपयोग होतो. केमिस्ट्री लागते ती केमिकल इंजिनिअरिंगला आणि मेडिकलला. मेडिकलला जायचं तर उन्हाळ्यात यूकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आजारी-वृद्धांबरोबर काम केल्याचा अनुभव लागतो आणि अर्ज १५ ऑक्टोबरच्या आत जावा लागतो. तुमच्या पत्रात मुलाला डॉक्टर व्हायचंय असं कुठेही नाही. जो रस्ता त्याला धरायचाच नाही, तो मोकळा ठेवण्यासाठी तो आठवड्याचे चार-पाच तास वर्गात आणि तेवढेच घरी घालवतोय, आणि त्यात बाकीचे तीन विषयही खाली येतील. त्याला एकदा विचारा आणि जे उत्तर येईल ते ऐका. चौथा विषय सोडणं हा डाग नाही. विषय बदलायची मुदत बहुतेक कॉलेजांत सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत संपते, पण चाराचे तीन करायला सहसा नंतरही परवानगी मिळते.

‘फ्री’ खरंच असतो, तो थाप मारत नाही. एका विषयाचे आठवड्याला साधारण चार-पाच तास होतात, बाकीचा वेळ स्वतः अभ्यासाला दिलेला असतो. सोळाव्या वर्षी तो वेळ हाताळणं अवघड जातं. त्या दोन दिवशी त्याने साडेतीनपर्यंत कॉलेजच्या लायब्ररीत बसावं आणि घरी आल्यावर अभ्यासाचा विषय तुम्ही काढू नये, असं ठरवून बघा. आमच्याकडे हे बऱ्याच घरांत जमलंय. फोन काढून घेऊ नका. होमवर्क, टाइमटेबल, शिक्षकांचे निरोप, सगळं त्यावरच येतं. रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला राहील एवढं ठरवा, आणि तुमचे दोघांचेही तिथेच ठेवा.

आणि ताई, त्याने डी लपवला याचं मला डीपेक्षा जास्त वाटतं. या दोन वर्षांत प्रत्येक गोष्टीला मुदत असते. इयर ट्वेल्व्हच्या अखेरीस, म्हणजे आपल्या अकरावीच्या शेवटी, शिक्षक प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शेवटच्या परीक्षेत अपेक्षित ग्रेड, ठरवतात. तेच यूकासच्या, म्हणजे सगळ्या विद्यापीठांसाठी एकत्र भरायच्या अर्जात जातात आणि विद्यापीठ मुख्यतः त्यावरून ऑफर देतं. मेडिकल वगळता बहुतेक अर्जांची मुदत जानेवारीत. बिघडलेलं आम्ही दुरुस्त करू शकतो, पण ते वेळेत कळलं तर. म्हणून वाईट बातमी आधी घरी यावी, आणि ती आणणाऱ्याला पहिली पाच मिनिटं कोणी बोलू नये. ‘किती मिळाले?’ऐवजी ‘कुठला प्रश्न अडला?’ असं विचारा. पहाटे चारचं उदाहरण यजमानांनी थोडं बाजूला ठेवावं. त्यांची मेहनत खरी आहे, मीही तशीच बारावी केली आहे, पण मुलाच्या कानावर ते ‘तू कमी पडतोस’ असंच पडतं.

कॉलेजात जरूर या, पण मुलाला सांगून. ट्यूटरला ईमेल लिहा, त्याची प्रत मुलालाही पाठवा आणि भेटीला त्यालाही बसवा. ‘हा अभ्यास करतो का?’ असं विचारलंत तर आम्ही गुळमुळीत उत्तर देतो. ‘कुठल्या प्रकारच्या प्रश्नात मार्क जातात, आणि केमिस्ट्री सपोर्टचा तास कधी असतो?’ असं विचारलंत तर कामाचं बोलणं होतं. आणि दार लावणं, न जेवणं, कॉलेज बुडवणं हे आठवडे-आठवडे चाललं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर ग्रेड विसरा. जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा, किंवा सरकारी आरोग्य सेवेच्या १११ वर फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा. तो सोळाचा आहे, जीपीकडे एकटाही जाऊ शकतो. हे त्याला माहीत असू द्या.

प्रश्न : मुलगी ए-लेव्हल सोडून डिजिटलचं टी-लेव्हल करायचं म्हणते. नाशिकला आई-बाबांना काय सांगायचं? ते म्हणतील पोरगी आयटीआयला घातली. – एक बाबा, लेस्टर

उत्तर : टी-लेव्हल २०२० पासून सुरू आहे. दोन वर्षांचा एकच कोर्स, तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचा, आणि त्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कंपनीत काम. त्यानंतर विद्यापीठात जाता येतं, अप्रेंटिसशिप घेता येते किंवा नोकरी धरता येते. तपासायचं एकच : तिच्या मनात जे विद्यापीठ आहे, ते त्या कोर्सला टी-लेव्हल चालवून घेतं का. सगळी घेत नाहीत. हे तिलाच शोधून काढू द्या. आजी-आजोबांनाही तिनेच व्हिडिओ कॉलवर सांगावं, तुम्ही शेजारी बसून. आणि टक्क्यांचा प्रश्न येणारच. इथे टक्के नसतात, हे तुम्ही आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत. मुलगी इयर थर्टीनमध्ये आहे. आमचं आयएलआर, म्हणजे इथे कायम स्थायिक व्हायची परवानगी, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये व्हायची शक्यता आहे, पण विद्यापीठ सप्टेंबरला सुरू होतं. परदेशी विद्यार्थ्यांची फी आम्हाला झेपणारी नाही. तिला हे माहीत नाही. परीक्षा होईपर्यंत न सांगितलेलं बरं ना? – एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : नाही. आज सांगा. पहिल्या पत्रात मुलाने लपवलं, इथे तुम्ही लपवताय, आणि इथली मुदत जास्त कडक आहे.

इंग्लंडमध्ये होम फीसाठी, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांच्या कमी फीसाठी, साधारणपणे विद्यार्थिनीला स्वतःला स्थायिक दर्जा असावा लागतो, आणि त्याआधीची तीन वर्षं तिचा मुक्काम इथेच असावा लागतो. सप्टेंबरच्या कोर्ससाठी हे १ सप्टेंबरला बघतात. डिसेंबरला आयएलआर आलं तरी त्या कोर्सची फी सहसा बदलत नाही. २०२५-२६ मध्ये होम फी कमाल ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांची अनेक ठिकाणी दुपटीहून जास्त असते, आणि त्यांना सरकारी स्टुडंट लोनही मिळत नाही. लहानपणापासून इथे राहिलेल्या मुलांसाठी लोनचे वेगळे नियम आहेत. तिला ते लागू होतात का ते आधी बघा.

म्हणजे तुमच्यापुढे एक साधा रस्ता आहे : एक वर्ष थांबणं. यूकासच्या अर्जात एक वर्ष उशिराचा प्रवेश मागता येतो, किंवा हातात ग्रेड आल्यावर पुढच्या वर्षी अर्ज करता येतो. वर्षभर ती नोकरी करेल, पैसे साठवेल. डिग्री अप्रेंटिसशिपही बघा, म्हणजे नोकरी करता करता पदवी, त्यात फी भरावी लागत नाही आणि पगार मिळतो. पण पात्रतेच्या अटी कॉलेजच्या करिअर सल्लागाराबरोबर बसून तपासा. आयएलआरचे नियम बदलत असतात, म्हणून तारखेबद्दल इमिग्रेशन वकिलाशी बोला, आणि निवडलेल्या पाचही विद्यापीठांच्या प्रवेश विभागांना फीच्या दर्जाबद्दल लेखी विचारा.

ती रडेल. मैत्रिणी सप्टेंबरात जाणार आणि आपण घरी, हे सतराव्या वर्षी लागतं. पण मे महिन्यात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. जानेवारीच्या अर्जाआधी तिच्या हातात अजून काही आठवडे आहेत, आणि पाच निवडी कशा भरायच्या हे तिलाच ठरवायचंय.