मेडिकल की डेंटल? आधी ते कंसातलं वाक्य

इंदूरच्या सुदामानगरातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीने बारावीनंतर दोनदा नीट, म्हणजे मेडिकल-डेंटलची प्रवेश परीक्षा दिली. सरकारी एमबीबीएससाठी रँक पुरत नाही, पण इंदूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची जागा मिळेल असं दिसतंय. वडिलांसमोर तीन वाटा आहेत: अजून एक ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट, आजोबांच्या नावचा प्लॉट विकून खासगी एमबीबीएस, नाहीतर बीडीएस घ्यायचं आणि 'नंतर ब्रिज कोर्स करून एमबीबीएस व्हायचं'. "आम्ही काय करावं?" असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती, आणि जिथे जिथे 'आम्ही' दिसलं तिथे खाली रेघ मारत गेले. तेरा रेघा झाल्या. 'आम्ही दोन साल मेहनत केली.' 'आमची फिजिक्स कच्ची राहिली.' 'आम्ही तिसऱ्या ड्रॉपला तयार आहोत.' परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या शेजारच्या बाकावर तुम्हीही बसला होतात का? ज्या मुलीच्या आयुष्याबद्दल हे पत्र आहे ती अख्ख्या पत्रात एकदाच बोलते: "ती म्हणते, डेंटल चालेल." आणि पुढच्याच ओळीत तुम्ही तिला गप्प करता, "पण तिला अजून दुनियेची समज नाही."

मग ते कंसातलं वाक्य, तुमच्या काळातल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचं, पीएमटीचं. "(मी स्वतः 1990 मध्ये पीएमटी दिली होती, चार मार्कांनी राहिलो.)" बाकी पत्र तुम्ही भरभर लिहिलंय, हे एक वाक्य मात्र कंसात जपून ठेवलंय. मला विचाराल तर पत्राचा विषय तोच आहे. चार मार्कांची ती सल इतकी वर्षं उराशी घेऊन एमजीएम मेडिकल कॉलेजसमोरून स्कूटर नेणं सोपं नसणार, हे मला कळतं. थोरल्या भावाचा मुलगा तिथेच शिकतोय, तेही तुम्ही लिहिलंय. पण ती सल तुमची आहे. ती मिटवायला तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं ते एकोणीस वर्षांच्या मुलीने, हा हिशेब मला पटत नाही. रागावलात तरी चालेल.

ड्रॉपचं पाहू. दोन्ही स्कोअरकार्डं तुम्ही जोडलीत म्हणून बोलते. दोन वर्षांत एकूण तेवीस मार्क वाढले, तेही सगळे बायोलॉजीत. फिजिक्सचे 45 प्रश्न दोन्ही वेळा तिथल्या तिथेच. कोचिंग तेच, नोट्स त्याच, टेस्ट सीरिज तीच. यात काय बदललं म्हणजे तिसऱ्या वेळी निकाल वेगळा येईल, ते पत्रात कुठेच नाही. नवा उपाय नसेल तर तिसरं वर्ष म्हणजे तीच शिक्षा पुन्हा एकदा. बाकी नीट एकच, 720 मार्कांची, तिच्याच रँकवर एमबीबीएस आणि बीडीएस दोन्ही. सरकारी कॉलेजांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, उरलेल्या राज्याच्या काउन्सेलिंगमधून. हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ असणार.

ब्रिज कोर्सबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण तुमच्या साडूंनी तुमच्या डोक्यात एक धोकादायक गोष्ट भरवली आहे. बीडीएसवाल्यांना जादा शिक्षण देऊन एमबीबीएसचं काम करू द्यावं, अशी चर्चा मागे झाली होती, बातम्याही छापून आल्या होत्या. पण चर्चा म्हणजे कोर्स नव्हे. असा मान्यताप्राप्त ब्रिज कोर्स आज आपल्याकडे नाही. बीडीएस होऊन एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिरायचा मागचा दरवाजाही नाही. ज्याला पुढे एमबीबीएस व्हायचंय त्याने पुन्हा नीट द्यायची आणि पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. दाताची डिग्री हा जिना समजून जी मुलं बीडीएसला येतात, त्यांचं मन पाच वर्षं जिन्यातच अडकून पडतं. वॅक्सचा दात कोरताना नजर समोरच्या एमवाय हॉस्पिटलच्या बिल्डिंगकडे. अशी मुलं मी पाहिली आहेत. ती ना धड दातांची होतात, ना कशाचीच.

प्लॉटबद्दल एकच विचारते. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. ते झाल्यावर आजच्या काळात कोणी तिथे थांबत नाही. पुन्हा पदव्युत्तर प्रवेशाची नीट पीजी, पुन्हा रँक, पुन्हा तीन वर्षं. तेव्हा विकायला दुसरा प्लॉट आहे का?

आता तुम्हाला वाटेल, बाई डेंटलची वकिली करताहेत. तसं नाही. बीडीएस पाच वर्षांचं आहे आणि त्यानंतरची पहिली काही वर्षं कठीण असतात. गल्लोगल्ली दवाखाने झालेत. दुसऱ्याच्या क्लिनिकात काम करणाऱ्या नव्या मुलामुलींना जे देतात ते ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. स्वतःचं काढायचं तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्सरे असा खर्च पहिला पेशंट यायच्या आधीच उभा राहतो. सरकारी नोकऱ्या थोड्या. मान आणि कंबर चाळिशीच्या आधीच कुरकुरायला लागते. पुढे एमडीएस, म्हणजे दातांतलं पदव्युत्तर शिक्षण केलं तर नऊ शाखांपैकी एक मिळते, तिथेही रँक आहेच. इंदूरला सरकारी कॉलेज मिळत असेल तर फीचा बोजा हलका होतो, ही मोठी जमेची बाजू. पण फी कमी म्हणून करायचा हा धंदा नाही.

म्हणून मी त्या 'चालेल' शब्दावर अडले आहे. आपल्याकडे 'चालेल' दोन प्रकारचं असतं. एक मनापासूनचं. दुसरं दमलेल्या माणसाचं, 'आता सोडा मला' असं. तुमच्या मुलीचं कुठलं आहे ते पत्रावरून मला सांगता येत नाही, आणि तुम्ही तिला विचारलेलं नाही.

तुमच्या पत्रातल्या 'अर्धी डॉक्टर' या शब्दाचा मात्र मला राग आला. "लोक म्हणतील, अरे, दांतवाली डॉक्टर!" असं तुम्ही लिहिलंय. आणि त्याच पत्राच्या सुरुवातीला माफी मागितलीय, की दाढेने चार रात्री झोपू दिलं नाही, रूट कॅनल करावं लागलं, म्हणून लिहायला उशीर झाला. वरची दाढ म्हणजे बहुतेक वेळा तीन मुळं. त्यांच्या आतल्या नळ्यांचं तोंड शोधायचं तेही पुष्कळदा छोट्या आरशात, म्हणजे उलटं बघून. मग हातात येते दहा नंबरची फाइल, नळी साफ करायची सुईसारखी कानस, टोकाला 0.1 मिलिमीटर जाड. ती किती आत न्यायची ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. थोडी पुढे गेली की तुम्ही खुर्चीतून उडालात. ज्याने तुम्हाला पाचव्या रात्री झोपवलं, तो तुमच्या हिशेबाने अर्धा डॉक्टर. सुपारी-गुटख्याने ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांना विचारा दातांचा डॉक्टर किती डॉक्टर असतो. मध्य प्रदेशात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी ही तोंडं ओपीडीत अजून येताहेत.

तेव्हा काउन्सेलिंगमध्ये चॉइस भरायच्या आधी दोन कामं करा. एका सकाळी तिला डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जाऊ द्या. तिने बाकावर बसून दोन तास नुसतं बघायचं: आत कोण येतं, इंटर्न काय करतात, रक्त आणि वास तिला सोसतो का. जवळच एमवाय आहे. पुतण्याला सांगा, एक दिवस तिला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात घेऊन जा आणि रात्रपाळी करून आलेल्या ज्युनियर डॉक्टरशी बोलणं करून दे. तुम्ही त्या दिवशी घरी थांबा. दोन्ही ठिकाणांहून परतल्यावर 'चालेल' या शब्दाशिवाय ती काय म्हणते, ते मला तिने लिहावं, तिच्या हाताने. तुमचं पुढचं पत्र मी वाचणार नाही.

आणि तुमच्या दाढेवर कॅप बसवायची अजून बाकी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या सिटिंगला तिला बरोबर न्या. ती खुर्ची कितीला पडली, पहिल्या वर्षी दिवसाला किती पेशंट येत होते, पाठ दुखते का, हे सगळं तिला त्या डॉक्टरांना विचारू द्या. तुमचं तोंड त्या वेळी उघडंच असेल, मध्ये बोलता येणार नाही.