१९व्या शतकात न्यूयॉर्कच्या आयरिश स्थलांतरितांसाठी कॅथलिक बिशपांनी नेमकं काय केलं?

प्रार्थनेपलीकडे बरंच काही. जॉन ह्यूज यांचंच बघा. १८१७ साली आयर्लंडहून आले, आधी माळीकाम केलं. १८५० मध्ये न्यूयॉर्कचे पहिले आर्चबिशप झाले. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात स्थलांतरितविरोधी जमावाने दोन चर्च जाळली, तेव्हा ह्यूज यांनी आपल्या चर्चभोवती हत्यारबंद माणसं उभी केली आणि महापौरांना बजावलं: एकही चर्च जळालं, तर शहराचं मॉस्को होईल. (१८१२ मध्ये जळून खाक झालेलं मॉस्को!) न्यूयॉर्क शांत राहिलं.

सरकारी शाळांत प्रोटेस्टंट बायबल वाचायला लावत, म्हणून त्यांनी चर्चच्या शाळा वाढवल्या. त्यांच्याच प्रोत्साहनाने १८५० मध्ये एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक निघाली. मोलकरणी, मजूर तिथे पै-पै साठवत. माणूस तसा हेकट. सहीजवळचा क्रॉस खंजिरासारखा दिसायचा, म्हणून विरोधक ‘डॅगर जॉन’ म्हणत.