आधी नमुना घ्यायला शीक

अफ्लाटॉक्सिनवर काम करणार आहेस ना? मग यंत्राची चिंता नंतर कर. हे बुरशीचं विष धान्याच्या साठ्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत मोजकेच दाणे दूषित, पण त्यांत ते भरपूर. वरचा मूठभर माल उचललास तर निकाल स्वच्छ येईल आणि खोटाही. (मी सुरुवातीचे कित्येक महिने असेच घालवले.) वेगवेगळ्या जागांवरून, खोलातूनही थोडंथोडं घे, एकत्र बारीक दळ, मगच चाचणीपुरता भाग काढ.

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की दगावल्या, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून हे विष उघडकीला आलं. शिजवून ते पुरतं जात नाही. दूषित धान्य फेकलं, तर खायला तेवढं कमी. अन्न निर्धोक असणं आणि ते पुरेसं असणं, मराठीत या दोन्ही प्रश्नांना ‘अन्नसुरक्षा’च म्हणतात, ते मला योग्यच वाटतं. म्हणून वाळवणी-साठवणीकडे बघ. गोदामात जाऊन धान्याचा ओलावा स्वतः मोज.