औषधानेच गेला का?

कर्करोगाचं निदान झाल्यावर महिना-दीड महिन्यातच मूल गेलं, असे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो. "किमो दिली नसती तर अजून थोडे दिवस राहिला असता का?" निफाडहून येतात, सिन्नरहून येतात, सुरगाण्याहून दोन बस बदलून येतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात कधीतरी हेच विचारतात. म्हणून एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

द्राक्षबाग असलेले नवरा-बायको. आठ वर्षांचा मुलगा. ताप यायचा-जायचा, पाय दुखायचे, मग अंगावर निळे डाग दिसू लागले. गावात टायफॉइडचे उपचार झाले. रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच दिवशी नाशिकला पाठवलं. तीव्र रक्ताचा कर्करोग. उपचार सुरू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात तो आयसीयूत गेला.

"चालत गेला होता मॅडम तो दवाखान्यात," वडील म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, हा बरा होणारा कॅन्सर आहे. भिंतीवर पण लावलेलं होतं तसं. मग आमचाच कसा गेला?"

ते भिंतीवरचं खोटं नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सगळ्या जगासाठी २०३० पर्यंत किमान ६० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं. पण ज्यांचं मूल गेलं त्यांच्या हातात हाच आकडा काठीसारखा येतो, आणि ती काठी ते स्वतःवरच चालवतात. इतकी वाचतात आणि आपलं नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं. दिलासा म्हणून सांगितलेल्या आकड्याचं असं होतं, हे मला अशा बऱ्याच घरांशी बोलल्यावर उमगलं. आता मी आकडा कधीच आधी सांगत नाही.

आईचं दुःख वेगळं होतं. "ताई, सुई टोचताना त्याचा हात मीच दाबून धरायचे," एवढंच ती दोनदा म्हणाली. त्यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

वडील मात्र तिसऱ्या भेटीत म्हणाले, "पाहुण्यांचा फोन होता. त्यांच्या पुतणीला तेच निघालंय. मी सांगितलं, नेऊ नका. औषधानेच गेला आमचा."

इथे मी थांबले नाही. काही समुपदेशक फक्त ऐकण्यावर विश्वास ठेवतात. माझा विश्वास असा की माणूस दुःखाने जितका मोडतो, तितकाच दुःखाला त्याने दिलेल्या अर्थाने मोडतो, आणि तो अर्थ तपासून बघता येतो. मी म्हटलं, "तुम्हाला हे माहीत आहे, की वाटतंय?"

ते चिडले. मग गप्प झाले. मग म्हणाले, "कुणाला विचारणार?"

"ज्यांनी उपचार केले त्यांनाच. वेळ घेऊन जा, फाइल घेऊन जा. तीनच गोष्टी विचारा. आला तेव्हा आजार किती पुढे होता? नेमका कशाने गेला? औषध दिलं नसतं तर काय झालं असतं?"

दोघं गेले. डॉक्टरांनी वेळ दिला, याचं मला अजून कौतुक वाटतं. दाखल झाला तेव्हाच पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या होत्या, प्लेटलेट अगदी खाली. अशा वेळी औषधाने पेशी एकदम फुटल्या की त्यातली द्रव्यं रक्तात येतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या पेशी आधीच कमी असतात, औषधाने आणखी कमी होतात. त्याला जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी हेही सांगितलं की औषधाचा त्यात वाटा होता, पण औषधाशिवाय हा आजार काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत नेतोच, आणि रक्तस्राव, ताप, दुखणं सोसायला लावून नेतो.

पुढच्या भेटीत वडील बराच वेळ बोलले नाहीत. मी काहीच विचारलं नाही. मग एकदम म्हणाले, "मॅडम, डावणीची बुरशी घडात शिरली की आपण फवारतोच. कधी फवारणीने पानं करपतात. कधी फवारूनही बाग जाते. पण बाग फवारणीने गेली असं कुणी शेतकरी म्हणत नाही. आणि पुढच्या वर्षी फवारायचं सोडतही नाही."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी मुलाबद्दल इतकं सलग बोललेलं तिने ऐकलं नव्हतं.

हे मला कधी सुचलं नसतं, आणि मी सांगितलं असतं तर त्यांना पटलंही नसतं. मला त्या दिवशी एवढं कळलं की ते दोष का सोडत नव्हते. दोष असला की निदान आपल्या हातात काहीतरी होतं असं वाटतं. तो सोडला की उरते ती नुसती हतबलता, आणि ती सोसायला दोष सोसण्यापेक्षा जास्त बळ लागतं. ते रडले ते त्यानंतर.

घरात धाकटी बहीण होती. ताप आला की वडील तिचं रक्त तपासून आणायचे. हा आजार संसर्गाने होत नाही. भावंडांमध्ये काही लक्षण नसेल तर सतत तपासण्यांची सहसा गरज नसते, शंका असेल तर एकदा डॉक्टरांना विचारून मोकळं व्हावं. तिला मात्र कुणी काहीच सांगितलं नव्हतं. आपण दादाशी भांडलो म्हणून तो गेला, असं तिने मनाशी धरलं होतं. लहान मुलांना "देवाघरी गेला" पुरत नाही; आजाराचं नाव आणि "तुझ्यामुळे नाही" हे दोन्ही स्पष्ट सांगावं लागतं. ते काम आईने केलं.

पाहुण्यांना वडिलांनी पुन्हा फोन केला. काय सांगायचं ते माझ्यासमोर बसून वहीत लिहून घेतलं. पहिला महिना दवाखान्याजवळ राहा, मुंबईला जावं लागलं तर परळ-दादरला अशा कुटुंबांसाठी मुक्कामाच्या सोयी आहेत. ताप १००.४ झाला की सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता असला तरी निघा. गावात इंजेक्शन घेऊ नका, मनाने गोळी देऊ नका. वॉर्डाचा नंबर फोनमध्ये आणि भिंतीवर दोन्हीकडे ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं पहिल्याच दिवशी करा.

शेवटची ओळ त्यांनी मला न विचारता लिहिली: रात्रीची गाडी आधीच सांगून ठेवा, नाहीतर माझा नंबर आहेच.