यंत्राची थरथर आणि रात्रीच्या मुंग्या

तुमच्या प्रश्नातून मला समजले ते असे. थोरले बंधू सहा वर्षांपासून दिंडोरी आणि निफाड भागात उक्त्याने झाडछाटणी आणि बांधावरचे गवत काढण्याची कामे घेतात. दिवसाचा बराच वेळ चेन सॉ किंवा ब्रश कटर हातात असतो. रात्री हातांना मुंग्या येऊन त्यांना जाग येते, आणि गेल्या हिवाळ्यात पहाटे मोटारसायकलवर असताना उजव्या हाताची दोन बोटे काही मिनिटे पांढरी पडली. गावातल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आहेत. हे यंत्रामुळे असेल का आणि कंपनरोधक हातमोजे घ्यावेत का, असे तुम्ही विचारता. मी डॉक्टर नाही. आधी कारखान्यात आणि नंतर रस्त्यांच्या कामांवर सुरक्षा अधिकारी म्हणून वीस वर्षे काढली, त्या अनुभवावर लिहितो आहे.

यंत्राचा संबंध असण्याची शक्यता मला बरीच वाटते. हातात धरून चालवायच्या यंत्राची थरथर वर्षानुवर्षे सोसल्यावर बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडू लागतात, आणि या विकाराला हॅन्ड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम म्हणतात. अशा बोटांना गार वारा लागला की रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळल्या जातात, बोट टोकापासून पांढरे पडत जाते, आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकू लागते. मोटारसायकलवर गार वारा आणि घट्ट धरलेली मूठ एकत्र आल्यामुळे लक्षण तिथे दिसले, मूळ मात्र बहुधा दिवसभराच्या कामात आहे. हा विकार नवा नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कारागिरांची ‘मेलेली बोटे’ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्येच तपासली होती, आणि तिथेही तक्रार थंडीतल्या सकाळचीच होती.

आपल्याकडे गफलत होते ती इथेच. या विकाराविषयी वाचायला मिळते ते बहुतेक थंड देशांतले, त्यामुळे पांढरे बोट हीच त्याची खूण असे लोक धरून चालतात. नाशिकला थंडी जेमतेम तीन महिने असते, आणि निफाडचा पारा कितीही खाली गेला तरी तो पहाटेपुरता. शिवाय सावळ्या त्वचेवर पांढरेपणा सहज लक्षात येत नाही, बोट फक्त राखाडी किंवा निस्तेज दिसते. उष्ण प्रदेशांतल्या कामगारांत बोटे पांढरी पडण्यापेक्षा मुंग्या आणि बधिरपणाच्या तक्रारी अधिक आढळतात. रक्तवाहिन्यांचा त्रास काम वेळेत थांबवल्यास काही अंशी कमी होऊ शकतो, पण मज्जातंतूंची इजा बऱ्याचदा भरून येत नाही. म्हणून बंधूंच्या पांढऱ्या बोटांपेक्षा मला रात्रीच्या मुंग्यांची काळजी अधिक वाटते.

आमच्याकडे काँक्रीट फोडायच्या ब्रेकरवर एक जण होता, कामाला वाघ. चहाच्या टपरीवर तो खिशातली सगळी चिल्लर तळहातावर ओतायचा आणि डोळ्यांनी पाहून नाणी निवडायचा. आम्हाला ती त्याची लकब वाटत होती. पुढे सदऱ्याची वरची गुंडी, जी पाहता येत नाही, ती बायकोकडून लावून घ्यावी लागते असे तो हसत हसत म्हणाला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिशात हात घालून एक आणि पाच रुपयांचे नाणे त्याला ओळखता येत नव्हते. आज रात्री बंधूंना हीच गोष्ट डोळे मिटून करायला सांगा. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण नाणे ओळखता आले नाही तर उशीर करू नये.

आता वेळेचा हिशेब. युरोपातील नियमांप्रमाणे आठ तासांच्या दिवसावर सरासरी काढून कंपन, म्हणजे थरथरीचा जोर, 2.5 मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत गेले की मालकाने उपाय सुरू करायचे असतात, आणि 5 च्या पुढे काम द्यायचेच नसते. यंत्राच्या पुस्तिकेत दोन्ही मुठींच्या कंपनाचे आकडे असतात, त्यांतला मोठा धरावा. तो 5 असेल तर पहिली मर्यादा दोन तासांत गाठली जाते आणि दुसरी आठ तासांत. तो 10 असेल तर अर्ध्या आणि दोन तासांतच. म्हणजे आकडा दुप्पट झाला की वेळ चौथाई होतो. यात प्रत्यक्ष यंत्र चालू असलेला वेळ तेवढाच धरायचा. मात्र पुस्तिकेतला आकडा नव्या यंत्राचा असतो; जुन्या, थरथर शोषणारे रबरी बुश झिजलेल्या यंत्राचा त्याहून बराच जास्त असू शकतो, आणि पहिल्या मर्यादेखाली धोका शून्य होतो असेही नाही.

थरथर कमी करायच्या उपायांत चेन सॉच्या साखळीची धार ही सर्वांत स्वस्त गोष्ट, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. धार चांगली असेल तर लाकडाच्या जाड कपच्या उडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. बोथट साखळी दाबून धरावी लागते, आणि मूठ जितकी घट्ट, तितकी थरथर हातात अधिक उतरते. ब्रश कटरचे पाते दगडावर आपटून एका बाजूने तुटले असेल तर ते तसेच चालवू नये. खांद्याचा पट्टा नीट बांधून वजन त्याच्यावर द्यावे, म्हणजे हातांना फक्त दिशा द्यायचे काम उरते.

उक्त्याच्या कामात मध्येच थांबणे म्हणजे पदरचे पैसे घालवणे, हे मला माहीत आहे. त्यामुळे ‘विश्रांती घ्या’ या सल्ल्याला अर्थ नसतो. जोडीदाराशी कामाची अदलाबदल मात्र जमते: अर्धा तास एकाने यंत्र चालवायचे, दुसऱ्याने फांद्या ओढायच्या आणि मोळ्या बांधायच्या. सकाळी हात गरम झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. बिडी किंवा तंबाखू असेल तर ती सोडण्याचे याहून सबळ कारण सापडणार नाही, कारण निकोटिन त्याच रक्तवाहिन्या आवळते.

हातमोज्यांवर फार भिस्त ठेवू नका. कंपनरोधक म्हणून विकले जाणारे मोजे जलद, बारीक थरथर थोडी अडवतात, पण ब्रेकरसारख्या संथ दणक्यांवर त्यांचा उपयोग जवळपास नाही, आणि फार जाड मोजा उलट मूठ घट्ट करायला लावतो. हात कोरडे आणि उबदार राहावेत म्हणून साधे, बोटांवर नीट बसणारे मोजे अवश्य घ्यावेत.

डॉक्टरांकडे पुन्हा जाताना मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात ते सांगा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट असेल तर मनगटातील नस दबलेली असू शकते. तोही त्रास कंपनाने वाढतो, पण त्यावर उपचार आहेत, म्हणून नसांची तपासणी करून घेण्याविषयी विचारा. मधुमेह आणि मानेचे दुखणे यांचीही शहानिशा व्हावी. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचे नाव सांगावे, कारण त्यांतल्या काही गोळ्यांनी बोटे गार पडतात. कोणती यंत्रे, रोज किती तास आणि कोणत्या वर्षापासून, हे एका कागदावर लिहून न्यावे. आणि या हिवाळ्यात बोट पुन्हा पांढरे पडले तर गाडी बाजूला घेऊन लगेच मोबाइलवर फोटो काढावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग परत आलेला असतो.