टॉवर, एक्स-रे आणि चुलीचा जाळ

राम राम भाऊ. शेजारच्या वावरात मोबाईलचा टॉवर उभा राहतोय, त्यानं कॅन्सर होतो का, आणि आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं रेडिएशन अंगात राहतं का, असं तुम्ही विचारलंय. तालुक्याच्या दवाखान्यात 22 वर्षं एक्स-रे काढतोय, म्हणून दुसरं आधी घेतो.

राहत नाही. दिवा विझवल्यावर उजेड खोलीत उरतो का? मशीनच्या नळीतल्या तापल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, 60-70 हजार व्होल्टच्या जोरानं टंगस्टनवर आदळतात, तिथं एक्स-रे तयार होतो. बटण सोडलं की संपलं. एक आजी दर खेपेला विचारायच्या, "बाबू, आता नातवाले जवळ घेऊ नं?" खुशाल घ्या, म्हणायचो. मात्र घरातल्या सुनेला दिवस गेले असतील, तर आईला धरायला तिला आत पाठवू नका.

आता टॉवर. चुलीवरचं वरण उतू गेलं की जाळ पिवळाधमक होतो, पाहिलंय ना? ते मिठातलं सोडियम. आचेनं त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि उतरताना पिवळ्या प्रकाशाची पुडी टाकतो. एक्स-रे असो की टॉवरच्या लहरी, सगळं अशाच पुड्यांनी येतं; एकेका पुडीत दम किती, यावर सगळं आहे. एक्स-रेची पुडी अणूतला इलेक्ट्रॉन उखडते, इजा होऊ शकते ती त्यानं. 1800 मेगाहर्ट्झवाल्या टॉवरची पुडी त्या पिवळ्या उजेडापेक्षाही पावणेतीन लाख पट दुबळी. ती फार तर ऊब देईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2011 मध्ये तिला 'कदाचित कॅन्सर करत असेल' या यादीत टाकलं हे खरं, पण उन्हातली अतिनील किरणं 'नक्की'च्या यादीत आहेत. शिवाय भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली आहे.

मला धास्ती वाटते ती फाट्यावरच्या वेल्डिंगची. तिथंही अतिनीलच. सातवीत असताना तिथं ट्रॉलीचा जोड मारत होते, ते तासभर उघड्या डोळ्यांनी पाहत बसलो. संध्याकाळी काही नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत झालं, पाणी थांबेना. मायनं कच्च्या बटाट्याच्या चकत्या बांधल्या, काडीचा फरक पडला नाही. दोन दिवसांनी आपोआप उतरलं. तुमच्या पोराला टॉवर पाहू द्या, वेल्डिंग नको.