लहान शहराला संघ परवडेल का?

प्रश्न : क्विबेक सिटी किंवा सास्काटूनसारख्या लहान कॅनडियन शहरांना एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, संघ पोसणं जमेल का?

उत्तर : क्विबेक सिटीला जमेल, असं मला मनापासून वाटतं. १९९५ मध्ये तिथला नॉर्डिक्स संघ अमेरिकेतल्या कोलोरॅडोला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. त्याची हळहळ मला अजून वाटते. प्रेमात शहर कुठेच कमी पडलं नव्हतं! तिकिटं कमी किमतीच्या कॅनडियन डॉलरमध्ये विकायची आणि पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचे, इथेच कंबरडं मोडायचं. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे, तो मोठाच आधार. १९९६ मध्ये संघ गमावलेल्या विनिपेग या कॅनडियन शहराला २०११ मध्ये अटलांटाचा संघ मिळाला, तेव्हा १३,००० सीझन तिकिटं हातोहात खपली. क्विबेकमध्ये २०१५ पासून नवं स्टेडियमही तयार आहे. सास्काटून मात्र फारच लहान. हंगामात चाळीसएक वेळा स्टेडियम भरणं अवघड.